सातबारा कोरा झाला, क्रेडिट रिपोर्टचे काय? पीककर्जाआधी सिबिलची नोंद कशी तपासावी

मे महिन्याच्या अखेरीस बियाणे-खतांची जुळवाजुळव चालू असते आणि नेमके तेव्हाच बँकेतून उत्तर मिळते, "तुमचं सिबिल खराब आहे." शेतकऱ्याला या उत्तराचा अर्थ लागत नाही. कर्जमाफीच्या यादीत नाव आले होते, सोसायटीची बाकी नाही, सातबाऱ्यावर बोजा नाही, मग खराब आहे ते काय? गर्दीत विचारायला वेळ नसतो आणि सांगायला कोणी मोकळे नसते. शेवटी कृषी सेवा केंद्रातून उधारीवर माल उचलला जातो किंवा हातउसने पैसे घेऊन पेरणी होते. वेळेत परतफेड केली तर ज्या ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राच्या सवलतीने ४ टक्के, आणि राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्के व्याज पडते, ते कर्ज सोडून शेतकरी महिना २-३ टक्क्यांच्या पैशाकडे वळतो. एका न पाहिलेल्या नोंदीची ही किंमत आहे.

माझे काम पीक सल्ल्याचे आहे, बँकेचे नाही. पण गेली काही वर्षे शिवारफेरीत "पाने पिवळी पडली, काय फवारू" याच्या पाठोपाठ सिबिलचा प्रश्न येतो. त्यामुळे हा विषय शिकावा लागला. जे नेहमी विचारले जाते, ते इथे मांडत आहे.

रिपोर्ट वेगळा, स्कोअर वेगळा

माती परीक्षणाचा अहवाल तुम्ही पाहिला आहे. त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे वेगवेगळे आकडे असतात. कोणी नुसते "जमीन मध्यम आहे" असे सांगितले, तर त्यावरून खताची मात्रा ठरवता येत नाही. क्रेडिट रिपोर्ट हा तो पूर्ण अहवाल आहे. तुमच्या नावावर कोणत्या बँकेचे कोणते कर्ज कधी घेतले, किती बाकी आहे, कोणत्या महिन्यात हप्ता चुकला, कोणी कधी चौकशी केली, हे सगळे त्यात असते. स्कोअर म्हणजे या साऱ्याचे एका आकड्यात केलेले वर्णन. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि साधारण ७५० च्या पुढचा स्कोअर बँका चांगला मानतात.

शेतकऱ्याने आधी स्कोअरच्या मागे लागू नये, रिपोर्ट वाचावा, असे माझे मत आहे. पीककर्ज बहुतेक वेळा ६९० की ७१० यावरून अडत नाही. ते अडते रिपोर्टमधल्या एखाद्या ओळीवरून: थकीत, सेटल्ड, राइट ऑफ किंवा कोणाच्या तरी जामिनाची नोंद. ती ओळ सापडली की पुढे काय करायचे ते कळते.

एक गोष्ट आणखी. 'सिबिल' हे एका कंपनीचे नाव आहे. खोदकामाच्या कोणत्याही यंत्राला आपण जेसीबी म्हणतो, तसेच हे झाले आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्याखाली त्या चालतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. या कंपन्या कर्ज देत नाहीत, नाकारतही नाहीत. बँका, पतपुरवठा कंपन्या, मायक्रोफायनान्स संस्था जी माहिती पाठवतात ती साठवायची आणि मागणाऱ्या बँकेला दाखवायची, एवढेच त्यांचे काम. २०१५ पासून प्रत्येक कर्ज देणाऱ्या संस्थेने चारही कंपन्यांकडे माहिती पाठवणे अपेक्षित आहे. तरीही चार रिपोर्ट हुबेहूब एकसारखे निघतीलच असे नाही, म्हणून एकच पाहून निश्चिंत होऊ नये.

रिपोर्टमध्ये काय येते आणि काय येत नाही

राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँकांचे पीककर्ज, किसान क्रेडिट कार्ड, ट्रॅक्टर, ठिबक, पाइपलाइन, गोठा किंवा शेडनेटसाठी घेतलेले मुदत कर्ज, सोने तारण, दुचाकी, हप्त्यावर घेतलेला मोबाइल, मोबाइलमधल्या ॲपवरून उचललेले दोन-पाच हजार, बचत गट व मायक्रोफायनान्सचे कर्ज या सगळ्याची नोंद येऊ शकते. आडत्याची उचल, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि सावकाराचे पैसे यांची नोंद होत नाही. त्यामुळे दुकानदाराची उधारी दरवर्षी दिवाळीला चुकती करणारा माणूस गावात कितीही पतदार असला, तरी बँकेच्या संगणकावर त्याचा इतिहास कोराच दिसतो.

विकास सोसायटीच्या कर्जाची गोष्ट थोडी वेगळी आहे. जिल्हा बँक सोसायटीला पैसे देते आणि सोसायटी सभासदाला. त्यामुळे सभासदाच्या नावाची नोंद रिपोर्टमध्ये दिसेलच असे गृहीत धरू नये. वीस वर्षे सोसायटीचे कर्ज ३० जूनच्या आत भरणाऱ्या शेतकऱ्याचा रिपोर्ट रिकामा निघू शकतो. अशाने सोसायटीचा बेबाकी दाखला आणि खातेउतारा सोबत घेऊन बँकेत जावे. ज्याने आजवर कोठूनच कर्ज घेतलेले नाही, त्याच्या स्कोअरच्या जागी वजा एक किंवा 'एनएच' अशी खूण येते. याचा अर्थ इतिहास नाही, इतकाच. ती वाईट खूण नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५ मध्ये लोकसभेतही ते स्पष्ट केले. बँकेने हेच कारण दिले तर ते लेखी मागावे.

राज्य सरकारनेही राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे बँकांना बजावले आहे. ही भूमिका शेतकऱ्याच्या बाजूची आहे, पण तिच्या भरवशावर राहून रिपोर्ट न पाहणे परवडणारे नाही. बँक स्कोअर विचारत नसली तरी दुसऱ्या बँकेचे थकीत खाते तिला दिसतच असते. शिवाय ट्रॅक्टर, गोदाम किंवा घराच्या कर्जाला पीककर्जाची ही सूट लागू होत नाही.

रिपोर्ट कसा वाचावा

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१७ पासून लागू आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन आणि मोबाइल क्रमांक भरून ओटीपीने तो काढता येतो. संकेतस्थळ वरच्या बाजूला पैसे भरायच्या योजना दाखवते आणि फुकटचा पर्याय खाली कोठेतरी बारीक अक्षरात असतो, तो शोधावा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती गावोगाव ऐकली, ती खोटी आहे.

सुरुवातीला नाव, जन्मतारीख, पत्ता, ओळखपत्रांचे क्रमांक असतात. लोक हे पान उलटून पुढे जातात, पण ग्रामीण भागातल्या बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ इथेच असते. एका गावात एकाच आडनावाची चाळीस घरे असतात, त्यात नाव आणि वडिलांचे नाव जुळणारे दोघे-तिघे सहज निघतात. पूर्वीच्या पीककर्जाला पॅन घेतलेच जात नसे. मग नाव आणि गाव जुळले की एकाचे खाते दुसऱ्याच्या रिपोर्टला चिकटते. महिलांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे असल्याने उलटे होते: त्यांनी नियमित फेडलेले गटाचे कर्ज एका नावावर आणि नवा अर्ज दुसऱ्या नावावर. म्हणून पत्ता आणि ओळखपत्राचा प्रत्येक क्रमांक ताडून पाहावा.

त्यानंतर खात्यांची यादी येते. इथे प्रत्येक खात्यासमोर 'मालकी' असा रकाना असतो. स्वतःचे, संयुक्त, की जामीनदार, हे त्यात लिहिलेले असते. मग महिन्यांचे चौकोन येतात. प्रत्येक चौकोनात त्या महिन्याअखेर हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा असतो. ००० असेल तर थकबाकी नाही, ०६० असेल तर साठ दिवस उशीर. एक्सएक्सएक्स दिसले तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलेली नाही. काही बँका दिवसांऐवजी खात्याचा वर्ग पाठवतात. एसटीडी म्हणजे नियमित, एसयूबी म्हणजे अनुत्पादक झालेले, डीबीटी म्हणजे वसुलीची शंका असलेले आणि एलएसएस म्हणजे बुडीत. यातल्या डीबीटीने एकदा चांगलाच गोंधळ झाला होता. एका शेतकऱ्याने रिपोर्ट पुढे करून मोठ्या समाधानाने विचारले, "यात अनुदान जमा झाल्याचं पण दिसतंय, नाही का?" आपल्याला माहीत असलेला डीबीटी वेगळा आणि हा वेगळा, हे समजावताना मलाच वाईट वाटले.

सगळ्यात शेवटी चौकशांची यादी असते. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये तुम्ही एका कागदावर सही करता आणि तेथला माणूस तोच अर्ज एकाच दिवशी चार-पाच फायनान्स कंपन्यांकडे टाकतो. प्रत्येकीची वेगळी चौकशी नोंदली जाते. थोड्या काळात पुष्कळ चौकशा दिसल्या की माणूस पैशासाठी धावपळ करतोय असा अर्थ काढला जातो आणि स्कोअर घसरतो. अर्ज एका ठिकाणीच करा, असे शोरूमला स्पष्ट सांगावे.

पीककर्ज थकीत केव्हा धरतात

घराच्या किंवा दुचाकीच्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक होते. पीककर्जाला हा हिशेब लागू नाही. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा अशा अल्प मुदतीच्या पिकांचे कर्ज ठरलेल्या तारखेनंतर दोन हंगाम थकले तर अनुत्पादक होते. ज्या पिकाचा हंगाम वर्षापेक्षा मोठा आहे, त्याला एकच हंगाम मिळतो. कोणत्या पिकाचा हंगाम किती, हे राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते. पिकाचा कालावधी पाहून मुदत देणारा हा नियम शहाणपणाचा आहे. अडचण एवढीच की कधीकधी बँकेच्या प्रणालीत पीककर्जाचे खाते चुकीच्या प्रकारात टाकले जाते आणि त्याला ९० दिवसांचा नियम लागतो. खात्याचा प्रकार 'किसान क्रेडिट कार्ड' किंवा शेती कर्ज असाच लिहिला आहे ना, हे रिपोर्टमध्ये पाहावे. 'वैयक्तिक कर्ज' असे दिसले तर शाखेत जाऊन दुरुस्ती मागावी.

हंगामाची ही मोकळीक ट्रॅक्टरच्या हप्त्याला मिळेल असे धरून चालू नये, मोबाइलच्या हप्त्याला तर ती नसतेच. मी पाहिलेल्या रिपोर्टमध्ये पीककर्ज नियमित आणि दीड हजाराच्या मोबाइल हप्त्याने चौकोन बिघडवलेले, असे चित्र वारंवार दिसले. हप्ता ज्या खात्यातून आपोआप कापला जातो त्या खात्यात त्या तारखेला पैसे नसतात, एवढेच त्याचे कारण. फायनान्स कंपनीकडून हप्ता सहामाही ठरवून घेता येतो. आपला कापूस किंवा ऊस कधी विकला जातो ते पाहून तारीख मागावी, सही करण्याआधी मागावी.

नवं-जुनं करण्याबद्दलही विचारले जाते. मार्चअखेर चार दिवसांसाठी कोणाकडून तरी पैसे घ्यायचे, जुने कर्ज भरायचे आणि लगेच नवे उचलून ते पैसे परत करायचे, ही पद्धत सर्वांना माहीत आहे. रिपोर्टच्या दृष्टीने खाते वेळेत नियमित झाले, एवढेच दिसते. पण त्या चार दिवसांचे व्याज हजारी दराने मोजणारे लोक आहेत, आणि नवे कर्ज मंजूर व्हायला पंधरा दिवस लागले तर त्या व्याजात पिकाचा नफा जातो. भरणा करण्याआधी नूतनीकरणाची कागदपत्रे पूर्ण झालीत का, हे शाखेत विचारूनच पैसे उचलावेत.

कर्जमाफीनंतरची नोंद

आता मुख्य मुद्दा. सातबारा आणि क्रेडिट रिपोर्ट यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात असलेला बोजा बँकेच्या पत्रावरून तलाठ्याकडे फेरफार होऊन कमी होतो. रिपोर्टमधली नोंद बँकेने क्रेडिट कंपनीला माहिती पाठवली की बदलते. एक झाले म्हणजे दुसरे झाले, असे होत नाही. दोन्ही कागद वेगवेगळे तपासावे लागतात.

राज्यात २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना झाली. तिची मर्यादा दीड लाखाची होती आणि त्यावरच्या रकमेसाठी एकवेळ समझोता होता. त्यानंतर २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, तिची मर्यादा २ लाख होती. या योजनांतून बंद झालेली खाती रिपोर्टमध्ये तीन प्रकारे दिसू शकतात आणि या तिन्हींत फार फरक आहे.

पहिला प्रकार 'क्लोज्ड', म्हणजे बंद. बाकी शून्य, थकीत रक्कम शून्य. हे सर्वांत बरे. जुन्या महिन्यांचे थकीत चौकोन मात्र मागे राहतात, ते कोणी पुसत नाही.

दुसरा प्रकार 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीने मिटलेले. बँकेने काही रक्कम सोडून दिली, असा याचा अर्थ. शेतकऱ्याला बेबाकी दाखला मिळालेला असतो, त्यामुळे सगळे संपले असे तो समजतो. पुढची बँक मात्र ही ओळ वाचून थांबते. तडजोडीचा प्रस्ताव आला की कागदावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: माझे खाते रिपोर्टमध्ये बंद दिसेल की सेटल्ड? काही वेळा सोडलेली रक्कम लहान असते आणि पाच-दहा हजार जास्त भरून पूर्ण बंद करून घेणे परवडते. पुढच्या वर्षी ट्रॅक्टर किंवा विहिरीचे कर्ज काढायचे असेल तर हा हिशेब नक्की करावा.

तिसरा प्रकार 'राइट ऑफ', मराठीत निर्लेखित. वर्तमानपत्रात "बँकांनी इतके कोटी माफ केले" अशा बातम्या येतात आणि गावात त्याचा अर्थ कर्ज माफ असा लावला जातो. तसे नाही. बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम वजा केली, कर्जदाराचे देणे मात्र जिथल्या तिथे राहिले. तिची वसुली चालूच असते. कर्जमाफी मिळालेल्या खात्यावर 'राइट ऑफ' दिसत असेल तर ती नोंद सोडून देऊ नये, लगेच दुरुस्तीला टाकावी.

याशिवाय शिल्लक व्याजाचा एक चिवट प्रकार आहे. माफीची रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतच्या बाकीवर मोजली जाते. पैसे प्रत्यक्ष जमा होईपर्यंतचे व्याज किंवा एखादा आकार खात्यावर उरतो. माझ्या पाहण्यातल्या एका खात्यावर आठशे रुपयांच्या आसपास बाकी राहिली होती. शेतकऱ्याला कोणी कळवले नाही, आणि रिपोर्टमध्ये ते खाते तीन वर्षे थकीत चढत गेले. माफीनंतर नुसता मोबाइलवरचा संदेश जपून ठेवू नका. शाखेतून खातेउतारा काढा, त्यावर शून्य पाहा, बेबाकी दाखला शिक्क्यासह घ्या. २०१९ च्या योजनेत आधार प्रमाणीकरण करावे लागत होते. ज्यांचे ते राहिले त्यांना यादीत नाव असूनही लाभ मिळालेला नसू शकतो. अशांनी तर आजच उतारा काढावा.

क्रेडिट कंपन्यांना कायद्याने किमान सात वर्षे माहिती जपावी लागते. म्हणून पुढच्या कर्जमाफीची वाट पाहत मुद्दाम थकवण्याचा विचार करताना हे गणित मनात असू द्या. माफी आली तरी बाकी शून्य होईल, ते थकीत चौकोन राहतील.

दुष्काळ, अतिवृष्टी आणि पुनर्गठन

पीक गेले आणि शासनाने तालुका बाधित जाहीर केला की "वसुलीला स्थगिती" अशी बातमी येते. स्थगिती म्हणजे बँक जप्ती किंवा सक्ती करणार नाही. व्याज चालूच राहते आणि खात्याची मूळ तारीख आपोआप पुढे जात नाही. तारीख पुढे जाते ती पुनर्गठन केल्यावर, म्हणजे पीककर्जाचे रूपांतर काही वर्षांच्या हप्त्यांत केल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित केलेले शेती कर्ज नियमित खाते म्हणून धरता येते. पण त्यासाठी शेतकऱ्याने शाखेत जाऊन संमतीपत्र द्यावे लागते. स्थगिती आहे म्हणून घरी बसलेला आणि संमतीपत्र दिलेला, असे एकाच बांधाचे दोन शेतकरी दोन वर्षांनी अगदी वेगळ्या जागी उभे असतात. पुनर्गठित खात्यावर हप्त्याचे व्याज सवलतीचे राहते का आणि नवे पीककर्ज किती मिळेल, हे संमती देतानाच विचारून घ्यावे.

जामीनदाराचा रिपोर्ट

हे मी स्वतः भोगले आहे. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला मी जामीन राहिलो होतो. नाते असे की नाही म्हणता आले नसते. पुढे दोन वर्षे पाऊस नीट झाला नाही, भाडे मिळाले नाही, हप्ते राहिले. त्याने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. घर बांधायला कर्ज मागायला गेलो तेव्हा माझ्या रिपोर्टमध्ये ते खाते 'जामीनदार' म्हणून थकीत दिसत होते. माझा स्वतःचा एकही हप्ता कधी चुकला नव्हता. शेवटी दोघांनी मिळून बाकी भरली. घराचे काम एक उन्हाळा पुढे गेले. जामीन राहायचे असेल तर राहा, पण त्या खात्याचा उतारा वर्षातून दोनदा मागून घ्या.

ऊस पट्ट्यात तोडणी-वाहतुकीच्या उचलीसाठी किंवा सभासदांच्या नावे काढलेल्या कर्जासाठी कारखान्यावर सह्या दिल्या असतील तर त्या कागदाचे पुढे काय झाले, हेही रिपोर्टमध्ये पाहावे. मायक्रोफायनान्सच्या गटात एकमेकींची जबाबदारी असते. मात्र प्रत्येकीची नोंद तिच्या नावाने होते. घराचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्यांना असे कर्ज देताना घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गटातल्या ताईंनी तिसऱ्या कंपनीचा अर्ज भरण्याआधी हा आकडा कागदावर मांडावा.

वडील वारले असतील आणि त्यांच्या नावे थकीत कर्ज असेल, तर ती नोंद त्यांच्या रिपोर्टमध्ये असते. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर त्याचा स्कोअर त्यामुळे बिघडत नाही. पण जमिनीवर बोजा असल्याने त्याच जमिनीवर नवे कर्ज घेताना बँक आधी ते खाते मिटवायला सांगते. तिथे अडते ते सातबाऱ्यावर, सिबिलवर नाही.

चूक सापडली तर

दोन ठिकाणी एकाच वेळी अर्ज करावा. एक, ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. त्यासाठी पैसे लागत नाहीत. दोन, ज्या शाखेने माहिती पाठवली तिला लेखी पत्र द्यावे आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, बँकेने होकार दिला तरच ती बदलते, म्हणून शाखेचे पत्र महत्त्वाचे. पत्रात रिपोर्टचा क्रमांक व तारीख, खात्याचा क्रमांक, काय चुकीचे आहे आणि काय हवे, एवढेच लिहावे. सोबत बेबाकी दाखला, खातेउतारा, कर्जमाफीचे प्रमाणपत्र जोडावे. दुसऱ्याचे खाते चिकटले असेल तर ओळखपत्रांच्या प्रती आणि "हे खाते माझे नाही" असे स्पष्ट वाक्य द्यावे.

तक्रार ३० दिवसांत मिटली पाहिजे. यातले पहिले २१ दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला असतात. ३० दिवस उलटले तर दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क २०२४ पासून आहे. तक्रार फेटाळली तर तिचे कारणही सांगावे लागते. तरीही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जाता येते, क्रेडिट कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. पोर्टलची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. लोकपालाकडे जाताना आधी केलेल्या लेखी तक्रारीची पोच लागते, म्हणूनच ती घ्या म्हटले.

चूक नसेल, थकबाकी खरी असेल, तर ती भरण्यावाचून इलाज नाही. "पाच हजारांत सिबिल साफ करून देतो" म्हणणारे बाजाराच्या दिवशी भेटतात. खरी नोंद कोणीही काढू शकत नाही आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकट काढू शकता. अशा माणसाला पॅन, आधार आणि ओटीपी दिला तर तुमच्या नावावर नवे कर्ज निघण्याची भीती जास्त. भरणा केल्यावर नोंद बदलायला पूर्वी महिना-दीड महिना जाई. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना दर पंधरवड्याला माहिती पाठवणे बंधनकारक झाले. स्कोअर मात्र हळूहळू सुधारतो. आंबलेल्या जमिनीला एका चुन्याच्या मात्रेत ताकद येत नाही, तसेच.

कृषी सहायक आणि प्रसार कार्यकर्त्यांसाठी

खरीपपूर्व सभेत हा विषय घ्यायचा असेल तर ती सभा मेमध्ये नको, फेब्रुवारीत घ्या. नवे पीककर्ज वाटप एप्रिलपासून सुरू होते आणि दुरुस्तीला ३० दिवस लागतात. मेमध्ये चूक सापडली तर पेरणी आधी होते आणि दुरुस्ती नंतर. सभेत शेतकऱ्याचा रिपोर्ट काढून देताना ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येऊ द्या, तुमचा क्रमांक टाकू नका. कित्येकांचा बँकेत दिलेला क्रमांक बंद पडलेला असतो, तो आधी शाखेत बदलून घ्यायला सांगा. कोणी तुमचा रिपोर्ट पाहिला की त्याचा संदेश त्याच क्रमांकावर येतो. रिपोर्ट सर्वांसमोर वाचून दाखवू नका. गावात एकाच्या थकबाकीची बातमी दुसऱ्या दिवशी पारावर असते.

दुरुस्ती झाल्याचा संदेश आल्यावर पंधरा दिवस थांबून बाकीच्या तीन कंपन्यांचे रिपोर्टही काढा. बँकेने एकीकडे दुरुस्त माहिती पाठवली आणि दुसरीकडे राहिली, असे होते. नव्या रिपोर्टची छापील प्रत, जुन्या बँकेचा बेबाकी दाखला आणि कोरा सातबारा, हे तिन्ही कागद पीककर्जाच्या अर्जाला एकत्र टाचून द्या.